पत्रकार सुरक्षा कार्यशाळा, संभाजीनगर: पंधराशे रुपये कशाचे वसूल झाले ते सांगतो

मागच्या महिन्यात शनिवार-रविवार संभाजीनगरला ग्रामीण पत्रकारांसाठीची दोन दिवसांची सुरक्षा कार्यशाळा केली, तेव्हापासून ओळखीचे पाच-सहा जण विचारायलेत कशी होती, जावं का, पैसे वसूल होतात का. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. फी पंधराशे, त्यात एक मुक्काम, जेवण, चहा, नाश्ता. संस्थेचं नाव टाकत नाही, कारण जे कमी पडलं तेही लिहिणार आहे आणि त्या लोकांचा हेतू खरंच चांगला आहे.

आधी माझं थोडं, म्हणजे मी कोणत्या जागेवरून बोलतोय ते कळेल. मांजरा काठच्या एका तालुक्यात सोळा वर्षं बातमीदारी करतो. पगार नाही, कॉलमवर पैसे आणि जाहिरातीचं कमिशन. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा १७ सप्टेंबर आला की पुरवणीच्या जाहिरातीसाठी सरपंच-चेअरमनच्या दारात उभं राहायचं आणि बाकीचं वर्ष त्यांच्याच बातम्या करायच्या. दोन वर्षांपूर्वी वाळूची बातमी लावली, तिसऱ्या रात्री घरी येताना मागं हायवा, म्हणजे वाळूचा मोठा टिपर, लागला, लाइट बंद, चार-पाच किलोमीटर नुसता आवाज मागं मागं. एका वस्तीवर मोटारसायकल घातली म्हणून वाचलो. तक्रार द्यायला गेलो तर एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद घेतली आणि गाडीचा नंबर विचारला, आता लाइट बंद असलेल्या हायवाचा नंबर अंधारात कुठून वाचणार माणूस. तर मी तिथं सर्टिफिकेट घ्यायला गेलो नव्हतो, मला खरंच शिकायचं होतं.

जेवण-मुक्काम ठीक. सकाळी मुरमुऱ्याचा सुशीला, दुपारी भाकरी, येसर आमटी, ठेचा, कुणाची तक्रार नव्हती. चाळीस जणांत बाई पत्रकार फक्त तीन आणि त्यांची राहायची सोय हॉलपासून लांब, रात्री रिक्षा करून जायला लावलं, सुरक्षेच्या कार्यशाळेत हे व्हायला नको होतं, मी तिथंच बोललो.

पहिलं सत्र प्रथमोपचाराचं, एकदम चांगलं. रक्त थांबवायला कापड नुसतं ठेवून भागत नाही, पूर्ण वजन टाकून दाबून धरायचं आणि बघायला म्हणून सारखं उचलायचं नाही, हे एकमेकांच्या दंडावर करून घेतलं. मोबाइल सुरक्षेचं सत्र मात्र वाया गेलं, सगळ्या स्लाइड इंग्रजीत आणि शिकवणारा पोरगा इतका जोरात की माझ्या शेजारचे परभणीकडचे मामा टू स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन टाकेपर्यंत तो चार विषय पुढं.

वकील साहेबांनी पत्रकार संरक्षण कायदा नीट समजावला. आपल्या राज्यानं २०१७ ला केला, २०१९ ला लागू झाला. पत्रकारावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास डीवायएसपी दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. पण कायद्यातली पत्रकाराची व्याख्या वाचली आणि आमचे चेहरे उतरले. मुख्य धंदा पत्रकारिता पाहिजे आणि संस्थेत कायम किंवा करारावर नेमलेला पाहिजे. आमच्यापैकी नेमणुकीचं पत्र कुणाकडं आहे? हात वर करा म्हणलं तर चाळीसात सहा. मी उभं राहून विचारलं साहेब बाकीच्या चौतीस जणांचं काय, तर म्हणाले पेपरकडून पत्र घेऊन ठेवा. पेपर देत असता तर विचारलं असतं का. या एका प्रश्नावर अर्धा दिवस द्यायला पाहिजे होता, पाच मिनिटांत पुढं गेले.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायलोय ते.

शनिवारी जेवणानंतर पत्रिकेत नुसतं 'रवांडाचा अनुभव' असं होतं. खरं सांगतो, निम्मे लोक बाहेर टपरीवर गेले, आफ्रिकेचं ऐकून आपल्याला काय करायचं म्हणून. मी बसलो कारण पहाटेच्या एसटीनं पाय आखडले होते. पुण्याच्या एक म्याडम, साठीच्या आसपास, रवांडाची राजधानी किगालीत काही वर्षं एका संस्थेत काम केलेल्या. त्यांनी पिशवीतून जुना दोन बँडचा ट्रान्झिस्टर काढला, त्याचं मागचं झाकण रबर लावून बसवलेलं, आणि टेबलावर ठेवला. म्हणाल्या, असा डबा तुमच्या आजोबांच्या खळ्यावर होता की नाही? तसाच तिकडं होता. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही बातमी पोचवणारा.

मग आरटीएलएमचं सांगितलं. जुलै १९९३ ला सुरू झालेलं खासगी रेडिओ स्टेशन. सरकारी रेडिओ रटाळ आणि हे एकदम मोकळंढाकळं, नवीन गाणी, चहाच्या टपरीवर चालतात तशा गप्पा, पोरं दिवसभर लावून बसायची. त्या गप्पांमधून हळूहळू तिथल्या अल्पसंख्य तुत्सी लोकांना 'इन्येन्झी' म्हणणं चालू झालं, म्हणजे झुरळ. त्याच्याही आधी 'कांगुरा' नावाच्या पेपरनं डिसेंबर १९९० ला बहुसंख्य हुतूंसाठी दहा आज्ञा छापल्या होत्या, तुत्सी बाईशी लग्न करू नका, त्यांच्याबरोबर धंदा करू नका, त्यांच्यावर दया करू नका. ६ एप्रिल १९९४ ला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं आणि दुसऱ्या दिवसापासून कत्तल. मग तोच रेडिओ माणसांची नावं, पत्ते, गाड्यांचे नंबर सांगायला लागला. शंभर दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं आठ लाख माणसं, रवांडा सरकार म्हणतं दहा लाखाच्या वर. आमच्या धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाख, म्हणजे निम्मा जिल्हा, आणि मारणारे बहुतेक ठिकाणी शेजारी.

कोपऱ्यातला एक यूट्यूब चॅनलवाला पोरगा हळूच म्हणाला, म्याडम, हे आमच्याकडच्या लाइव्हसारखंच आहे की. कुणी हसलं नाही.

मग म्याडमनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. गावात मिरवणुकीत डीजेवरून दोन गटांत भांडण, एक तरुण जखमी, दवाखान्यात, पोलीस म्हणतात तपास चालू. हेडिंग आणि पहिल्या चार ओळी लिहा, दहा मिनिटं. सगळ्यांनी भराभर लिहून दिलं, रोजचं काम आहे आमचं. त्यांनी गठ्ठा घेतला आणि वाचायला लागल्या, पण जिथं जिथं आम्ही जातीचं किंवा समाजाचं नाव लिहिलं होतं तिथं त्या हुतू आणि तुत्सी म्हणायच्या. बाकी एक शब्द बदलला नाही. 'तुत्सी टोळक्याचा उच्छाद, हुतू तरुण मृत्यूशी झुंजतोय'. चिठ्ठीत मृत्यूशी झुंजतोय कुठं होतं? टोळकं कुठं होतं? सातवी चिठ्ठी माझी होती. मी लिहिलं होतं 'पूर्वनियोजित हल्ल्याचा संशय'. संशय कुणाला? मलाच. ते ऐकताना कानशिलं तापली माझी. सोळा वर्षांत किती वेळा असं लिहिलं असेल आणि ते छापून येऊन ग्रुपवर फिरलं असेल, ते त्या रात्री झोपताना मोजत होतो.

निकालाचंही सांगितलं. टांझानियात आरुशा इथं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण बसलं, ३ डिसेंबर २००३ ला आरटीएलएमचे नाहिमाना आणि बारायाग्विझा आणि कांगुराचा संपादक हसन न्गेझे तिघं दोषी. नाहिमानाला न्यायाधीश म्हणाले की बंदूक नाही, कोयता नाही, हातात कुठलंच हत्यार नसताना तू हजारो निरपराध माणसांच्या मरणाला कारण झालास. २००७ ला अपिलात शिक्षा कमी झाल्या, तीस, बत्तीस आणि पस्तीस वर्षं.

आणि एक गोष्ट जी मला आजिबात माहीत नव्हती. मारायच्या यादीत पहिल्यांदा नावं होती त्यात पत्रकार होते. हा देश सगळ्यांचा आहे असं लिहिणारे, भ्रष्टाचार काढणारे. आंद्रे कामेया म्हणून एका पेपरचे संपादक, जून १९९४ मध्ये मारले गेले. म्हणजे त्या देशात रेडिओवरून माणसं मारायला लावणारे तेवढे नव्हते, खरं लिहून मरणारेही होते आणि ते आधी मेले. आपण हे नेहमी अर्धं सांगतो.

शनिवार इथं संपला. इथंच संपला असता तर मी ह्या कार्यशाळेला पाचात तीन दिले असते, कारण नुसतं एवढंच ऐकून घरी गेलेला माणूस जबाबदारी या शब्दाला घाबरून लिहिणंच बंद करतो. रविवारी दुसरं अर्धं होतं.

पण रविवारी काय झालं, प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले, मग शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक, मग मनोगत, आणि दोन तासांचं सत्र पन्नास मिनिटांवर आलं. आयोजकांना हात जोडून सांगणं आहे, सत्कार शेवटी ठेवा, संध्याकाळी ठेवा, कधीही ठेवा पण माणूस शिकायला बसलेला असताना मध्ये घालू नका. चहाच्या सुट्टीत आम्ही बारा-पंधरा जणांनी म्याडमना घेरलं आणि राहिलेलं तिथं उभ्यानं ऐकलं, कप हातात गार झाले.

तर कत्तल थांबल्यावरचा रवांडा. ज्यानं आग लावली तो रेडिओच होता म्हणून नव्या सरकारनं ठरवलं की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, आणि ह्यात चुकीचं काय आहे, कुणीही हेच म्हणेल. देशानं पुष्कळ करून दाखवलं, गावोगावच्या गचाचा, म्हणजे गावकऱ्यांनीच चालवलेल्या न्यायालयांत वीस लाखांच्या आसपास प्रकरणं चालवली, संसदेत निम्म्याहून जास्त बायका, रस्ते स्वच्छ. पण २००८ ला 'नरसंहाराची विचारसरणी' विरुद्ध कायदा आला आणि त्याची भाषा इतकी ढिली की त्यात कुणीही बसू शकेल. ॲग्नेस उविमाना न्कुसी म्हणून 'उमुराब्यो' पेपरची संपादक, २०१० च्या निवडणुकीच्या तोंडावर सरकारवर टीका करणारे लेख छापले, फेब्रुवारी २०११ ला सतरा वर्षं शिक्षा. तिची सहकारी सैदाती मुकाकिबिबी, सात वर्षं. आरोप काय तर नरसंहाराची विचारसरणी, समाजात फूट पाडणं, राष्ट्राध्यक्षांचा अपमान. पुढं २०१२ ला वरच्या कोर्टानं विचारसरणी आणि फूट पाडण्याचे आरोप काढून टाकले आणि शिक्षा चार आणि तीन वर्षांवर आणली, पण बाई तोपर्यंत आतच होती.

२०१० च्याच जूनमध्ये जाँ-लेओनार रुगांबागे. त्याचा पेपर 'उमुवुगिझी' सरकारी मंडळानं सहा महिने बंद ठेवला होता म्हणून तो ऑनलाइन लिहायचा. दक्षिण आफ्रिकेत रवांडाच्या एका फुटलेल्या जनरलवर गोळीबार झाला, त्याच्या मागं कोण ते हा शोधत होता, आणि पाच दिवसांत किगालीत स्वतःच्या घराच्या दारात त्याला गोळ्या घातल्या. सरकार म्हणालं १९९४ चा जुना सूड, दोघांना शिक्षाही झाली, त्याच्या संपादकानं सरकारकडं बोट दाखवलं, सरकारनं ते नाकारलं.

आणि मग जॉन विल्यम्स न्त्वाली. हे ऐकताना माझ्या पाठीला तो हायवाचा आवाज पुन्हा लागला. 'द क्रॉनिकल्स'चा संपादक, घरातून हुसकलेल्या लोकांचं, कैद्यांच्या छळाचं लिहिणारा, धमक्या येतात असं मित्रांना सांगितलेलं. १८ जानेवारी २०२३, रात्री मोटारसायकलवर मागं बसलेला असताना गाडीची धडक, जागेवर गेला. पोलीस म्हणाले अपघात. ड्रायव्हरनं गुन्हा कबूल केला, फेब्रुवारीत निकाल, दंड दहा लाख रवांडा फ्रँक, आपले पाऊण लाखाच्या आसपास. सुनावणी झाली तेव्हा बघायला ना पत्रकार ना बाहेरचं कुणी, आणि स्वतंत्र चौकशीची मागणी मान्य झाली नाही.

इथं एक लातूरचा मित्र म्हणाला, म्याडम, त्याच फेब्रुवारीत आपले वारिसे गेले. बरोबर. शशिकांत वारिसे, राजापूर, ६ फेब्रुवारी २०२३, स्कूटरवर होते, रिफायनरीबद्दल लिहायचे, आणि ज्याच्याबद्दल बातमी छापून आली त्याच माणसाच्या गाडीनं उडवलं. पत्रकार रस्त्यावर उतरले तेव्हा खुनाचं कलम लागलं. दोन गावांमध्ये समुद्र आहे पण तीन आठवड्यांचंसुद्धा अंतर नाही. आणि फरक कुठं पडला तो बघा, इकडं ओरडणारे पत्रकार रस्त्यावर होते. तिकडं ओरडू शकणारे बरेचसे देश सोडून गेलेले किंवा जेलात. लॉकडाऊनमध्ये लोकांचे हाल दाखवणारा यूट्यूबवाला सियुमा हसन आधी सुटला आणि अपिलात त्याला सात वर्षं लागली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते बीबीसीच्या किन्यारवांडा रेडिओचं. १९९४ ला तो सुरूच झाला होता ताटातूट झालेल्या माणसांसाठी, नाव 'गाहुझामिर्यांगो', म्हणजे कुटुंबं जोडणारा. आई एका छावणीत, पोरगं दुसऱ्या देशात, रेडिओवर नाव वाचलं जायचं. म्याडमनी तो ट्रान्झिस्टर हातात घेऊन सांगितलं, ह्याच डब्यावर मारायची नावं वाचली आणि ह्याच डब्यावर जिवंत असलेल्यांची नावं वाचली. ऑक्टोबर २०१४ ला बीबीसीच्याच नरसंहारावरच्या एका माहितीपटाचं कारण देऊन सरकारनं हे प्रसारण थांबवलं. तो माहितीपट वाईट होता असं तिथल्या वाचलेल्या कितीतरी लोकांचं म्हणणं आहे आणि त्यांच्या दुखावण्याला मी काय बोलणार, पण त्यासाठी माणसं जोडणारा आवाज बंद झाला.

म्याडमचं म्हणणं जे मला कळलं ते असं. 'तेढ निर्माण करणे' हा आरोप दोन माणसांवर लागतो, एक जो खरोखर काडी टाकतो आणि एक जो धूर कुठून येतोय ते दाखवतो. ठाण्यात दोघांच्या नोटिशीवर कलम एकच असतं, आधी भारतीय दंड संहितेचं १५३ अ होतं, जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं १९६. आपण पहिला माणूस व्हायचं नाही, आणि दुसरा असताना पहिला म्हणून धरलं तर आपल्याजवळ नोंदी पाहिजेत, कुणाशी बोललो, कधी, काय विचारलं, त्यांची बाजू मागितली का. शनिवारच्या चिठ्ठीचा खरा उपयोग मला इथं कळला. जो माणूस टोळकं, उच्छाद असले शब्द रोज वापरतो त्याची खरी बातमीसुद्धा उद्या तेढ म्हणून सहज धरता येते.

नांदेडचे एक जुने पत्रकार होते, सत्तरीचे, दोन दिवस गप्प. ते म्हणाले, ताई, आपल्या घरातलं पण काढा. शोएबुल्ला खान. हैदराबादचा 'इमरोज'चा संपादक, मुसलमान माणूस, निजामाचं संस्थान भारतात जावं असं उर्दूत लिहायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी रात्री रस्त्यात गाठून मारला, लिहिणारा हात तोडला. महिन्याभरात पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय फौज आली, आपण मुक्त झालो, १७ सप्टेंबरला झेंडा लावतो. त्याच्यानंतर काय झालं ते भारत सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलं, कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेली, जास्त करून मुसलमान, सगळ्यात वाईट चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. काका म्हणाले, चाळीस वर्षं लिहिलं पण रझाकारांवर दर वर्षी लिहिलं, दुसऱ्यावर एकदा पण नाही, कुणी सांगितलं नव्हतं नको लिहू म्हणून.

हॉलमध्ये पंखा तेवढा वाजत होता. मीही सोळा वर्षं १७ सप्टेंबरच्या पुरवण्या काढतो, शोएबुल्लाचं नाव एकदाही घातलं नाही आणि सुंदरलालचंही नाही. माझी आजी मांजरेच्या काठच्या एका विहिरीचं पाणी पीत नव्हती, का ते कधी सांगितलं नाही, आम्ही पण विचारलं नाही.

एक आकडा राहिला. प्रेस स्वातंत्र्याच्या २०२४ च्या जागतिक यादीत १८० देशांत रवांडा १४४ आणि भारत १५९. ह्या याद्या कशा करतात त्यावर वाद घाला, तिथंही झाला, पण तिकडचं ऐकून अरेरे म्हणायची सोय आपल्याला नाही एवढं खरं.

हातात काय मिळालं ते विचाराल तर एक पानाचा फॉर्म. बातमीला जाण्याआधी भरायचा. कुठं चाललो, कुणाला भेटणार, कुठल्या रस्त्यानं जाणार आणि कुठल्या रस्त्यानं येणार, किती वाजता फोन करणार, नाही केला तर किती वेळानं कुणी कुणाला फोन लावायचा. मी परत आल्यावर पहिला फॉर्म भरून बायकोकडं दिला, तिनं पूर्ण वाचला आणि विचारलं, 'आजवर हे असलं काहीच नव्हतं का तुमच्याकडं?' नव्हतं. आता आमच्या तालुक्यातल्या आम्ही पाच जणांनी ठरवलंय, वाळू, रेशन, जमीन असल्या बातमीला जाताना फॉर्म दोघांकडं जाणार, घरी एक आणि दुसऱ्या पेपरच्या माणसाकडं एक. स्पर्धा बातमीत ठेवू, रात्रीच्या रस्त्यावर नको.

माझे पाचात चार. एक कापला तो पाहुण्यांच्या दीड तासाचा आणि त्या तीन बायकांच्या रिक्षाचा. कायद्याच्या सत्राला कुणी कामगार कायद्याचा जाणकारही बोलवावा, पत्र नसलेल्या बातमीदाराचा प्रश्न तोच सोडवू शकेल.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणतात. जाणाऱ्यांनी जेवणानंतर टपरीवर जाऊ नका, आणि आपल्या छापून आलेल्या पाच बातम्यांची कात्रणं बरोबर घेऊन जा, चिठ्ठीपेक्षा त्यावर शब्द बदलून वाचायला सांगा म्याडमना, त्या वाचतात.